तीनचा भोंगा

“मॅडम, तेवढं घड्याळ एकदा बघाल का?”

दारात उभी असलेली मुलगी हे मला तिसऱ्यांदा विचारत होती. माझं डोकं आधीच तापलेलं. कोल्हापूरहून भिवरगावपर्यंत एसटीत उभी राहून आले होते, डबा घरी विसरला होता, आणि बंबखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीतला एसी बाहेरच्यापेक्षा गरम हवा सोडत होता.

“बघितलं,” मी मान वर न करता म्हटलं. “अगदी बरोबर आहे. सेकंदाचाही फरक नाही.”

“आज बरोबर आहे. त्या दिवशी नव्हतं.”

“घड्याळ काय मूड बघून चालतं होय?”

ती दारातून हलली नाही. मला अशी माणसं सहन होत नाहीत. म्हणजे तेव्हा होत नसत. या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली, आणि मधल्या काळात दारात उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दलचं माझं मत बरंच बदललंय.

तिचं नाव शबाना मुजावर. भिवरगावच्या अग्निशमन दलात लागलेली पहिली मुलगी. नगरपालिकेनं तिला बंबावर पाठवलं नव्हतं, खाली कंट्रोल रूममध्ये फोनवर बसवलं होतं. आगीचा फोन आला की तो घ्यायचा, घंटेचं बटण दाबायचं, बंब निघायचा. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि लेक खाकी कपडे घालून कामाला जाते म्हणून गल्लीत त्यांचा भाव वधारलेला. पण दसरा होऊन चार-पाच दिवस झाले आणि सूतगिरणीशेजारची अण्णासाहेब मगदुमांची लाकडाची वखार जळून खाक झाली. आतली फळकुटं ओढायला गेलेल्या वॉचमनचे दोन्ही हात भाजले.

फोन रेकॉर्ड होतात त्या संगणकानं दाखवलं की वॉचमनचा फोन आला दोन अडतीसला. बंबावर जीपीएस बसवलेलं होतं, त्यानं दाखवलं की बंब फाटकाबाहेर पडला तो तीन वाजून गेल्यावर. मधली वीस-बावीस मिनिटं कुठं गेली? ड्रायव्हर आणि जवान शपथेवर सांगत होते की घंटा वाजली आणि आम्ही दोन मिनिटांत बाहेर. मग राहिलं कोण? घंटा वाजवणारी. ठरलेल्या नवऱ्याशी मोबाईलवर बोलत बसली असणार, असं कुणीतरी बोललं आणि संध्याकाळपर्यंत गावानं ते पक्कंच करून टाकलं. तिला घरी बसवलं. मी गेले त्याच दिवशी दुपारी चारला मुख्याधिकारी बोंद्रे साहेबांसमोर सुनावणी होती, आणि त्यानंतर ती नोकरीवर राहणार नाही हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

मी कशाला गेले होते? आमच्या छोट्याशा कंपनीकडं नगरपालिकेच्या संगणकांची देखभाल होती. त्या कॉलचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढायचं आणि ‘सदर वेळ प्रणालीतील आहे’ अशा कागदावर सही करायची, एवढंच काम. आमचे हेर्लेकर सर निघताना म्हणाले होते, सही कर, परत ये, मध्ये तोंड उघडू नकोस. माझ्या तोंडाबद्दल सरांना पूर्वानुभव होता.

त्या खोलीत दिसायला एकच मोठं यंत्र होतं, पण त्याच्या पोटात चार संगणक चालायचे. आमच्या भाषेत व्हर्च्युअल मशीन. एका घरात चार भाडेकरू राहावेत तसं समजा. घर एक, वीज एक, पण प्रत्येक भाडेकरूला वाटतं की आपण स्वतंत्र आहोत. एकाकडं पाणीपट्टी, एकाकडं जन्म-मृत्यूच्या नोंदी, एकाकडं इतर कारभार आणि चौथ्याकडं हे अग्निशमनचे फोन. प्रत्येकाचं घड्याळही आपापलं. मी चौघांचीही घड्याळं पाहिली होती, सगळी बरोबर होती.

रेकॉर्डिंग नीट उतरलंय का हे बघायला मी हेडफोन कानाला लावला. तेवढ्यात शबाना दोन पावलं आत आली. मी ऐकलंच नाहीये, म्हणाली, मला कुणी ऐकवलंच नाही. म्हणजे जिच्यावर आरोप तिला आरोपाचा मूळ आवाज ऐकवायचं कुणाला सुचलं नव्हतं. कुणीच ऐकला नव्हता म्हणा ना, सगळ्यांनी छापलेली वेळ तेवढी बघितली होती. मी हेडफोन काढला आणि स्पीकर लावला.

“बाई, मगदूम अण्णांच्या वखारीला आग लागलीया,” वॉचमन ओरडत होता. “सगळं पेटलंय ओ.”

“गिरणीजवळची ना? आत कोण माणूस आहे का?” हा शबानाचा आवाज. अजिबात न घाबरलेला.

“मीच हाय.”

“आधी बाहेर या. कशाला हात लावू नका. बंब निघतोय.”

त्याच्यामागं एक लांबलचक हंबरल्यासारखा आवाज सुरू झाला, आणि तो चालू असतानाच फोन कट झाला. शबाना भिंतीला टेकून उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायचं तिला भान नव्हतं. हात लावू नका म्हटलं होतं मी त्यांना, ती पुटपुटली.

माझा रागबिग कुठल्या कुठं गेला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, तो मागं आवाज कसला, बंबाचा का?

“नाही ओ, बंब तर निघायचा होता. तो गिरणीचा भोंगा.”

“मध्येच कसा वाजला?”

“मध्येच नाही वाजत. पाळी बदलताना वाजतो. सकाळी सातला, दुपारी तीनला...”

ती बोलता बोलता थांबली. आम्ही दोघींनी एकाच वेळी पडद्याकडं पाहिलं. तिथं दोन अडतीस लिहिलेलं होतं.

मी खुर्ची ओढून तिला दिली, उलट्या केलेल्या बादलीवर स्वतः बसले आणि कामाला लागले. आता हे घड्याळ त्या दिवशी मागं होतं, यात मला शंका नव्हती. पण ते मागं पडलं कधी, कशानं, आणि आज शहाण्यासारखं बरोबर कसं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शबानाकडूनच मिळालं. आगीनंतर दोन दिवसांनी गावातली लाइट गेली होती, बराच वेळ आली नाही, आणि बॅटरी संपून सगळं बंद पडलं होतं. परत सुरू होताना प्रत्येक भाडेकरूनं घराच्या घड्याळावरून नव्यानं वेळ लावून घेतली. चूक पुसली गेली आणि पुरावाही तिच्याबरोबर गेला.

सगळाच गेला नव्हता. संगणक स्वतःच्या बारीकसारीक नोंदी ठेवतो, त्या मी उलट्या चाळत गेले. घड्याळ बाहेरच्या वेळेशी जुळवत राहणारा एक लहानसा प्रोग्राम असतो. थोडा फरक पडला तर तो हळूहळू भरून काढतो. पण फरक पाव तासाच्या फार वर गेला तर त्याचा स्वभाव फिरतो. एवढं कसं चुकेल, इथं काहीतरी भलतंच आहे, मी हात लावणार नाही, असं म्हणून तो कामच सोडून देतो. माझे वडील असेच आहेत, त्यामुळं मला त्याची चांगली ओळख होती. त्या प्रोग्रामनं काम सोडल्याची नोंद होती खंडेनवमीच्या, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या सकाळची.

इतक्यात सुतारकाका चहा घेऊन आले. पांडुरंग सुतार, नगरपालिकेचे जुने कर्मचारी. बांधकाम खात्यातून त्यांना या खोलीत आणलं होतं, आणि ते या यंत्राला इतकं जपायचे की चप्पल बाहेर काढल्याशिवाय कुणाला आत येऊ देत नसत. माझीही बाहेरच होती.

“काका, खंडेनवमीला इथं काय झालं होतं?” मी विचारलं.

“पूजा झाली की.” त्यांचा चेहरा खुलला. खाली बंबाला झेंडूची तोरणं बांधली, कुऱ्हाडी, पाण्याचे पाइप, शिड्या सगळं मांडलं, आणि मग वर आपल्या यंत्राची पूजा. सगळे आले होते, शबानानंच रांगोळी काढली होती, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं.

“यंत्र चालूच होतं ना?”

“चालू यंत्राची पूजा कशी करायची ओ? आमचे वडील त्या दिवशी करवत-पटाशीलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. वर्षभर राबतंय, एक दिवस तरी निवांत बसू दे म्हणायचे. आता हे दिवसभर कुठलं बसवायचं? आणि बंद करायला तर तुमच्या लोकांनी बंदी केलीय. पण तुमच्या कंपनीच्या त्या पोरानंच थांबवायचं बटण दाखवलं होतं मला. मग चौघांनाही नुसतं थांबवलं. आरती झाली, प्रसाद झाला, परत सुरू केलं. कुणाला पत्ता लागला नाही.”

“आणि आरत्या किती म्हटल्या?”

“सगळ्या,” काका म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. हसावं की रडावं ते कळेना. थांबवलेला संगणक गाढ झोपतो. जागा झाला की त्याला वाटतं, आत्ताच तर डोळे मिटले होते. घराच्या घड्याळाकडं बघून वेळ लावायची सोय असते, पण यंत्र बसवताना आमच्याच कंपनीतल्या कुणीतरी ती बंद ठेवली होती. आरत्या नेहमीइतक्या झाल्या असत्या तर त्या प्रोग्रामनं फरक मुकाट भरून काढला असता. इथं तो पाव तासाच्या बराच पुढं गेला, प्रोग्रामनं हात झटकले, आणि चारही भाडेकरू मागं राहिले. पाणीपट्टीत आणि जन्माच्या नोंदीत वीस-बावीस मिनिटांनी कुणाचं काय बिघडतंय? बिघडलं ते फक्त शबानाचं.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

“म्हणजे पोरी, तुझ्यावर हे माझ्यामुळं आलं?”

शबानानं डोळे पुसले. मग म्हणाली, “काका, तुम्ही मुद्दाम केलं नाही. पण तेवढं साहेबांना सांगाल का?”

काकांनी रिकामे कप गोळा केले आणि ते जिना उतरून गेले. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. अशा वेळी चौकशी मागं लागली तर पेन्शनचं काय होतं, हे सरकारी माणसाला सांगावं लागत नाही. शबाना त्या जिन्याकडं बघत राहिली.

मी हेर्लेकर सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सर दुष्ट नव्हते, हे मी आजही सांगेन. घड्याळाची सोय बंद ठेवणारे आपण, म्हणजे चुकलो आपण, असं ते म्हणाले. आपल्या ऑफिसात किती जणांची घरं या कामावर चालतात, तेही त्यांनी ऐकवलं.

“खोटं बोलू नकोस, संज्योत. फक्त जास्त बोलू नकोस.”

“सर, तिची नोकरी जातेय.”

तू तुझं ठरव, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी तो कागद तसाच कोरा ठेवून पर्समध्ये कोंबला आणि दोघी नगरपालिकेकडं निघालो. रस्त्यात लोक तिच्याकडं वळून बघत होते. ती मात्र सरळ चालत होती, आणि मला तिचा फार अभिमान वाटला. ओळख होऊन चार तासही झाले नव्हते, तरी वाटला.

सभागृहात बोंद्रे साहेब, दोन-चार अधिकारी आणि समोर अण्णासाहेब मगदूम बसले होते. सत्तरीचे, पांढरी टोपी, चेहरा दगडासारखा. वखार त्यांच्या वडिलांनी घातलेली होती. पोरीला काढल्याशिवाय मी इथून उठणार नाही, असं ते आल्या आल्या सांगून बसले होते. साहेबांनी माझ्याकडं कागद मागितला. मी म्हटलं, सहीच्या आधी एकदा रेकॉर्डिंग ऐकूया, आणि कुणी नको म्हणायच्या आत लावलंसुद्धा.

वॉचमनचा आवाज आला तशी अण्णांची मान खाली गेली. मागून भोंगा सुरू झाला आणि फोन कट झाला.

“आता हा आवाज कशाचाही असू शकतो,” बोंद्रे साहेब म्हणाले.

“परत लावा,” अण्णा म्हणाले.

मी परत लावलं. या वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं. डोळे उघडले तेव्हा ते साहेबांकडं नाही, शबानाकडं बघत होते.

“हा तीनचा भोंगा आहे. माझा जन्म गिरणीच्या भिंतीला लागून झालाय साहेब, आमच्या घरात याच्यावर जेवणं ठरायची. अडीच-पावणेतीनला हा आयुष्यात कधी वाजला नाही.”

सभागृहात एकदम कुजबुज सुरू झाली. साहेब काही कच्चे नव्हते. मग यंत्र चुकलं कसं, आणि आज बरोबर कसं, हे मला पटवून द्या, म्हणाले. मी भाडेकरूंची गोष्ट सांगितली, झोपेची सांगितली, आमच्या कंपनीनं बंद ठेवलेल्या सोयीचीही सांगून टाकली. हेर्लेकर सरांचा चेहरा सारखा डोळ्यांपुढं येत होता.

“ठीक आहे. पण थांबवलं कुणी?”

मला नाव माहीत होतं, जिभेवर होतं, पण ते मी घ्यायचं का? शबानाही खाली बघत होती. तीही ते घेणार नाही हे मला दिसत होतं, आणि वेळ चालली होती.

“मी थांबवलं, साहेब.”

सुतारकाका मागच्या दारात उभे होते. चप्पल बाहेर काढून आले होते, सभागृहातसुद्धा. पुढं येऊन त्यांनी सगळं सांगितलं, पटाशीपासून प्रसादापर्यंत. काही गाळलं नाही. यंत्राला विश्रांती द्यावी म्हणून केलं, पोरीचा बळी जाईल हे ध्यानीमनी नव्हतं, काय शिक्षा असेल ती मला करा, म्हणाले.

साहेबांनी मला विचारलं, हे आत्ता करून दाखवता येईल का? मी माझ्या लॅपटॉपवर तसाच एक भाडेकरू उभा केला आणि बटण काकांनाच दाबायला लावलं. घड्याळ थिजलं. मग चहा मागवला. नगरपालिकेचा चहा यायला किती वेळ लागतो हे सांगायला नको. उभ्या आयुष्यात त्या दिरंगाईचा मला तेवढा एकदाच फायदा झाला. चहा झाला, बिस्किटं झाली, अण्णांनी पान लावलं. मग काकांनी परत बटण दाबलं. पडद्यावरचं घड्याळ जिथं थांबलं होतं तिथून निमूट पुढं चालू लागलं, आणि थोड्याच वेळात त्या प्रोग्रामनं हात झटकल्याची ओळ उमटली. बोंद्रे साहेबांनी पडद्याकडं पाहिलं, मनगटाकडं पाहिलं, आणि समोरची फाईल मिटली.

अण्णासाहेब उठले ते तडक शबानापुढं जाऊन उभे राहिले.

“मी गावभर तुझं नाव घेतलं, पोरी. पेपरातही दिलं. आता माझ्याच तोंडानं गावभर उलट सांगतो.”

तिनं इतके दिवस आवरलेलं सगळं एकदम फुटलं. ती हुंदके देत म्हणाली, “अण्णा, बंब खरंच लगेच निघाला होता. तरी वखार वाचली नाही.”

“लाकूड परत येतंय,” ते म्हणाले. “तू कामावर ये.”

ती त्याच आठवड्यात परत फोनवर बसली. अण्णांनी पेपरात स्वतः निवेदन दिलं. सुतारकाकांना एक लेखी समज मिळाली, पेन्शनला धक्का लागला नाही. हेर्लेकर सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बाकीच्या गिऱ्हाइकांकडं जाऊन ती घड्याळाची सोय सुरू करून ये. भिवरगावचं काम आमच्याकडंच राहिलं.

पुढच्या खंडेनवमीला काकांचं आग्रहाचं बोलावणं आलं. मी गेले. बंबाला तोरणं, कुऱ्हाडींना हळदकुंकू, दारात शबानाची रांगोळी. वर यंत्र घरघरत चालू होतं आणि काका चालू यंत्रालाच फूल वाहत होते. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, वडिलांना मनातल्या मनात विचारलं, त्यांची हरकत नाही. यंत्राच्या वर भिंतीवर त्यांनी एक घड्याळ लावलं होतं, त्यालाही झेंडूची माळ होती.

खाली येऊन आरती सुरू झाली आणि अर्ध्यात फोन वाजला. टाळ्या जागच्या जागी थांबल्या. शबानानं फोन उचलला.

“बोला. कुठली विहीर? म्हैस पोहतेय का अजून? निघालो.”

घंटा घणघणली. जवान कपाळावरच्या गंधासकट बंबावर चढले, आणि बंब तोरणांसकट फाटकाबाहेर पडला. सगळ्या रस्त्याभर झेंडू सांडत गेला. शबाना माझ्याकडं वळून म्हणाली, ताई, वेळ बघा. मी पडद्यावरची वाचली, तिनं मनगटावरची, काकांनी जिन्यातून वाकून भिंतीवरची. तिन्ही एकच निघाल्या. मग काकांनी विचारलं, आता आरती पुढं म्हणायची का, आणि आम्ही हसत हसत पुढं म्हटली. तासाभरात वायरलेसवर निरोप आला, म्हैस बाहेर निघाली होती.

आज सूतगिरणी बंद आहे, भोंगा वाजत नाही. सुतारकाका मुलाकडं राहतात. शबाना परीक्षा देत देत पुढं गेली, आता एका मोठ्या शहरात अख्खं अग्निशमन केंद्र सांभाळते, आणि बंबावर मुलीही जातात. दर खंडेनवमीला दुपारी तिचा फोन येतो. मी उचलते. ती हॅलो म्हणत नाही, कशी आहेस विचारत नाही. तिच्या घड्याळात किती वाजले तेवढं सांगते आणि थांबते. मी माझ्या घड्याळाकडं बघते आणि तीच वेळ तिला परत सांगते. मग आमच्या गप्पा सुरू होतात.